अनवाणी नाचणारा पाय

गोव्यातला फोंडा म्हणजे जुना अंत्रुज महाल. मंगेशी असो, म्हार्दोळ असो की कवळे, देवळाच्या पायरीशी चपला निघतात आणि पुढचं सगळं अनवाणी. आपलं नृत्यही तसंच. युरोपातली बॅले नर्तिका खास बूट घालून पायाच्या टोकावर तोल सांभाळते. भरतनाट्यम करणारी गुडघे बाहेर वाकवून अरमंडीत बसते आणि उघडा तळवा जमिनीवर आपटते. म्हणून कृत्रिम पायावर भरतनाट्यम करणाऱ्या सुधा चंद्रन यांची गोष्ट तळव्यापासून सांगायला हवी. एरवी ती जिद्दीची म्हणूनच सांगतात, आणि जयपूरच्या कारागिराचं नाव गाळतात.

मुंबईत वाढलेली ही मुलगी लहानपणापासून नृत्याचे कार्यक्रम करत होती. १९८१ साली आईवडिलांसोबत देवदर्शनाहून परतताना तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ त्यांच्या बसला अपघात झाला. पाय प्लास्टरमध्ये घातला गेला, पण आतली जखम तशीच राहून चिघळली. गँगरीन झालं, आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गुडघा वाचला, ही त्यातल्या त्यात मोठी गोष्ट. गुडघ्यावाचून अरमंडी कसली?

त्याच वर्षी जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते वाचून सुधा त्यांच्याकडे गेल्या. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात ‘जयपूरचा पाय’ म्हणून ओळखला जाणारा कृत्रिम पाय घडवला होता. तेव्हाचे परदेशी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठीच बनलेले, घोट्याशी ताठ. ते घालून मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना, चिखलात उतरता येईना. जयपूरचा पाय रबराचा, आत स्पंजरबर आणि लाकूड, वरून कातडीसारखा रंग. तो वाकतो, भिजला तरी बिघडत नाही आणि बुटावाचून चालतो. शेतकऱ्याला बांधावर आणि भाविकाला देवळात जाता यावं म्हणून केलेली ही सोय नर्तकीच्याही कामी आली.

तरी रबराच्या तळव्याला जमीन कळत नाही. आघात किती जोराचा झाला, तोल कुठे गेला, हे सारं गुडघ्याने आणि कानाने नव्याने शिकायचं. सरावात घासून पायाच्या उरलेल्या भागातून रक्त येई. १९८४ साली त्या मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्याच आयुष्यावर सिंगीतम श्रीनिवास राव यांनी तेलुगूत ‘मयूरी’ काढला, हिंदीत १९८६ला ‘नाचे मयूरी’ आला. दोन्हींत नायिका त्याच. ‘मयूरी’साठी राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पुढे घराघरांत त्या ‘कहीं किसी रोज’मधली रमोला सिकंद म्हणूनच ओळखल्या गेल्या. नर्तकीवर तो थोडा अन्यायच.

बॅलेमध्ये अशी आठवण क्यूबाच्या अलिसिया अलोन्सोची निघते. ऐन उमेदीत दृष्टी जवळपास गेलेली, अंथरुणाला खिळून असताना बोटांनी पदन्यास घोकलेले. पुढे रंगीत दिव्यांच्या खुणांवर ती कित्येक वर्षं नाचली. २०१९ साली, ९८व्या वर्षी ती वारली.

ऑक्टोबर २०२१मध्ये सुधा चंद्रन यांनी एक व्हिडिओ टाकला. विमानतळावर दर वेळी तपासणीसाठी कृत्रिम पाय काढायला लावतात, अशी त्यांची तक्रार होती. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने माफी मागितली. चेहरा ओळखीचा होता म्हणून ती मिळाली. इतरांचं कोण ऐकतं?

जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय मोफत बसवून देते. आपल्या वाड्यावर कुणाला गरज असेल, तर त्याच्या कानावर एवढं जरूर घाला.