नाताळची नॉटपेड पत्रे

लंडन, डिसेंबर.

नाताळ जवळ आला की या देशातील घराघरांत भेटकार्डांची जी आवकजावक सुरू होते, तिची कल्पना दिवाळीला चार-दोन शुभेच्छापत्रे धाडून मोकळे होणाऱ्या आपल्या मंडळींना सहसा यावयाची नाही. वर्षभर एकमेकांना एक ओळही न लिहिणारी, एके काळी एकाच शाळेत शिकलेली किंवा एकाच गल्लीत राहिलेली माणसे डिसेंबरात मात्र न चुकता परस्परांस कार्ड पाठवितात. आलेली कार्डे शेगडीवरच्या फळीवर ओळीने मांडली जातात, आणि गतवर्षी ज्याचे कार्ड आले नाही त्याचे नाव यंदाच्या यादीत ठेवावे किंवा कसे, याचा घरातील बाई मोठ्या गांभीर्याने विचार करीत बसते. या स्नेहव्यवहारात अलीकडे एक विघ्न वारंवार उपस्थित होऊ लागले आहे. दाराच्या फटीतून कार्डाऐवजी करड्या रंगाची एक चिठ्ठी आत पडते आणि तिच्यावर मजकूर असतो तो असा, की आपल्या नावे टपाल आलेले आहे, परंतु त्यावरील हशील अपुरे आहे, सबब दंडासह रक्कम भरून ते सोडवून घ्यावे. आपल्याकडे ज्यास 'नॉटपेड' म्हणण्याचा प्रघात आहे, तेच हे प्रकरण.

रक्कम साध्या पत्रास अडीच पौंडांच्या घरात असते. ती भरण्याच्या तऱ्हा अनेक आहेत: टपालघराच्या खिडकीवर जावे, घरबसल्या संगणकावर भरावी, किंवा तेवढ्या किमतीची तिकिटे त्या चिठ्ठीच्याच पाठीवर डकवून ती पेटीत टाकावी, म्हणजे पत्र यथावकाश घरी येते. परंतु खरी मेख निराळीच आहे. पाठविणारा कोण, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. अडीच पौंड मोजून हाती पडणारी वस्तू जिवलग मित्राचे पत्र असेल, दूरच्या आत्येचे कार्ड असेल, किंवा गालिचे धुऊन देणाऱ्या एखाद्या दुकानदाराची जाहिरातही असेल. आणि पैसे न भरावे, तर मुदत संपताच पत्र पाठविणाऱ्याकडे परत जाते व आपण त्याचे पत्र नाकारले असा त्याचा समज होण्याचे भय उरते.

गंमत अशी की पत्राचा भुर्दंड घेणाऱ्याने सोसावा हीच एके काळी या देशाची सर्वमान्य रीत होती, आणि ती मोडून काढल्याबद्दलच रोलंड हिल यांचे नाव जगाच्या टपाल-इतिहासात अजरामर झाले. १८४० पूर्वी पत्राचे हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारले जाई, पाकीट घातले तर तोही एक जादा कागद धरला जाई, आणि रक्कम बहुधा दारात उभ्या असलेल्या शिपायास घेणाऱ्याने द्यावयाची असे. गोरगरिबांनी यावर युक्त्या शोधल्या होत्या. कवी कोलरिज सरोवरांच्या प्रदेशात फिरत असता एका झोपडीपाशी एक बाई शिलिंगभर हशील देण्याची ऐपत नाही म्हणून भावाचे पत्र परत करीत असलेली त्यांना दिसली. त्यांनी दयार्द्र होऊन, तिचा आग्रहपूर्वक नकार न जुमानता, पैसे भरले, आणि शिपाई दृष्टीआड होताच तिने पत्र उघडून दाखविले, तर तो कोरा कागद! भाऊ खुशाल असला की असा कागद पाठवी आणि बहीण तो न घेताच परत करी, असा दोघांत ठराव होता. हॅरिएट मार्टिनो या विदुषींनी ही हकीकत पुढे खुद्द हिल यांच्या नावावर खपविली. चांगल्या गोष्टी थोर माणसांच्या पदरी जाऊन पडतातच.

हिल यांनी १८३७ सालच्या आपल्या पुस्तिकेत हिशेब मांडून दाखविला, की पत्राच्या प्रत्यक्ष वाहतुकीस येणारा खर्च नगण्य असून खरा खर्च होतो तो हशील ठरविण्यात आणि दारोदार ते वसूल करण्यात. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले, आणि मे महिन्यात काळ्या रंगाचे ते सुप्रसिद्ध तिकीट निघाले. वर्षभरात पत्रांची संख्या साडेसात कोटींवरून सतरा कोटींच्या आसपास गेली. तथापि आगाऊ भरणा सक्तीचा नव्हता. न भरल्यास घेणाऱ्याकडून दुप्पट, म्हणजे दोन पेनी, घेतले जात. हीच दुपटीची रीत १८५४ साली अर्ध्या आण्याच्या तिकिटासह हिंदुस्थानात आली, आणि तेथे लोकांनी तिचा अर्थ आपल्या परीने लावला: सरकारला पैसे येणे असल्यामुळे नॉटपेड पत्र शिपाई हटकून पोचवील, म्हणून महत्त्वाचे पत्र बिनतिकिटाचेच धाडावे, असा विचार करणारी सावध माणसे आपल्याकडे पुष्कळ होती.

आता दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतर हे भूत पुन्हा का उठले, याची कारणे नियमांच्या जंगलात आहेत. २००६ च्या ऑगस्टपासून येथे वजनाबरोबर आकारही मोजला जातो. चोवीस सेंटिमीटर लांब, साडेसोळा रुंद आणि पाच मिलिमीटर जाड, ही साध्या पत्राची कमाल मर्यादा. ती ओलांडली की ते 'मोठे पत्र' होते व त्याचे हशील पुष्कळ वाढते. टपालघराच्या खिडकीवर प्लास्टिकची एक पट्टी असते, तिच्यात खाचा पाडलेल्या असतात, आणि आमच्या पेठेतील टपालघर चालविणारे गुजराती गृहस्थ पाकीट हातात येताच ते त्या खाचेतून सरकवून पाहतात. ते अडले की मान हलवितात. फॅशनचे चौकोनी कार्ड रुंदीत अडते, चकाकीचे मणी डकविलेले कार्ड जाडीत अडते, आणि संक्रांतीला पाकिटात हलव्याची पुडी घालणाऱ्या आपल्या भगिनींचे पाकीट तर खाचेच्या तोंडाशीसुद्धा शिरत नाही. खिडकीवर न जाता रस्त्यावरच्या लाल पेटीत पाकीट टाकणाऱ्यास यातले काहीच कळत नाही.

दुसरे कारण अधिक मर्मभेदी आहे. १९८९ पासून येथील नित्याच्या तिकिटांवर किंमत न छापता केवळ 'पहिला वर्ग' किंवा 'दुसरा वर्ग' एवढेच छापू लागले, आणि दर कितीही चढले तरी ते तिकीट चालेल, असे अभिवचन त्यात अनुस्यूत होते. काटकसरी म्हाताऱ्यांनी दरवाढीपूर्वी ती तिकिटे विकत घेऊन खणात साठविली. आणि २०२५ च्या एप्रिलात पहिल्या वर्गाचा दर एक पौंड सत्तर पेन्सवर गेलेला पाहता त्यांची दूरदृष्टी वाखाणावी तेवढी थोडी. परंतु दरम्यान तिकिटांवर सांकेतिक चौकट छापण्याचे ठरले, आणि राणीच्या मुखवट्याची, चौकट नसलेली ती नित्याची तिकिटे ३१ जुलै २०२३ नंतर रद्द झाली. चित्रांची स्मारक-तिकिटे व नाताळची तिकिटे मात्र चौकटीवाचूनही चालतात! जुनी तिकिटे टपालाने पाठवून नवी विनामूल्य बदलून घेण्याची मुभा आहे, हे खरे. पण ज्यांच्याजवळ ती साठली आहेत, त्यांनाच हे फर्मान सर्वांत शेवटी कळले. त्यातच बनावट तिकिटांचा बोभाटा झाला. दुकानात विश्वासाने घेतलेले तिकीट यंत्राने खोटे ठरवावे आणि पाच पौंडांचा दंड भरावा घेणाऱ्याने, यावर वृत्तपत्रांतून इतका गहजब उडाला की २०२४ च्या वसंतात घेणाऱ्यावरील तो दंड थांबवावा लागला. अपुऱ्या हशिलाचा दंड मात्र घेणाऱ्याच्याच माथी राहिला आहे. हिल यांनी ज्यास मुक्त केले, तो मनुष्य पुन्हा दारात पैसे काढून उभा आहे.

या सर्वांत इंग्रज मनुष्य वागतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. आपल्यातला कोणी असता तर त्याच संध्याकाळी मित्रास गाठून "अरे, तुझ्या प्रेमाचे अडीच पौंड पडले मला!" असे हसत हसत बजावता, आणि प्रकरण तेथेच मिटते. येथे ते अशक्य. मित्राने स्नेहाने पाठविलेल्या कार्डाचा खर्च त्याच्या कानावर घालणे म्हणजे जेवावयास बोलाविलेल्या पाहुण्यास शिध्याचा हिशेब दाखविण्यासारखे. म्हणून घेणारा मुकाट्याने पैसे भरतो, कार्डाबद्दल मनःपूर्वक आभार मानतो, आणि पाठविणारा, आपले तिकीट उत्तम चालते अशी खातरजमा होऊन, पुढील वर्षी तेच पुन्हा चिकटवितो. अशा रीतीने एक चूक दोन सज्जनांच्या शिष्टाचारावर वर्षानुवर्षे पोसली जाते.

आमच्या शेजारच्या वृद्ध बाई अशाच पेचात होत्या. डेव्हनमध्ये राहणारी त्यांची शाळेतील मैत्रीण खणातली जुनी तिकिटे लावून नाताळला आणि वाढदिवसाला कार्डे पाठवी, आणि बाई प्रत्येक वेळी निमूटपणे दंड भरीत. सांगावे तर ती ओशाळेल, न सांगावे तर निवृत्तिवेतनास झळ. तेव्हा त्यांनी एक तोड काढली: नव्या, सांकेतिक चौकटीच्या तिकिटांची एक पुस्तिका विकत घेऊन ती नाताळची भेट म्हणून मैत्रिणीस पाठविली, आणि त्यासोबतच्या पत्रात हवामान, बागेतील गुलाब व मांजराची प्रकृती यांखेरीज एक अक्षरही लिहिले नाही. मैत्रिणीचे आभाराचे पत्र आठवड्याभरात आले, म्हणजे करडी चिठ्ठी आली. बाईंनी पैसे भरून ते सोडविले. पाकिटावर राणीचे जुनेच तिकीट होते, आणि आत लिहिले होते की इतकी सुंदर नवी तिकिटे साध्या पत्रांवर खर्च करणे जिवावर येते, म्हणून महत्त्वाच्या कामासाठी ती जपून ठेविली आहेत.