निकालाच्या दिवशीं पान कां उघडत नाहीं?

ता. १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां दहावीचा निकाल लागला, आणि निकालाचीं संकेतस्थळें कित्येक तास उघडेनात. अशा वेळीं आपलेंच कांहीं चुकलें, असें पुष्कळ मुलांस वाटतें. म्हणून आम्ही याचें कारण सांगतों.

संकेतस्थळामागें अनेक सर्व्हर असतात. आलेली मागणी त्यांच्यांत वांटून देणारा तो लोड बॅलन्सर. आमच्या खारदांड्याच्या किनाऱ्यास होड्या एकदम लागल्या, कीं टोपल्या उतरविणारे हात अपुरे पडतात. तसेंच येथें होतें.

पडद्यावरील आंकडा दोषाची दिशा दाखवितो. ५०२ म्हणजे मागच्या सर्व्हरनें भलतेंच उत्तर दिलें. ५०३ म्हणजे सध्यां काम घेणारा कोणी नाहीं. ५०४ म्हणजे उत्तर वेळेंत आलें नाहीं. आंकडा चारानें आरंभ होत असेल तर आपली मागणी तपासावी. पांचानें होत असेल तर दोष पलीकडचा.

दुरुस्ती करणारानें प्रत्येक सर्व्हर निरनिराळा तपासावा. एकच मंद असेल, तर तो वगळावा. सर्वच मंद असतील, तर ते सारे ज्या एका डेटाबेसपाशीं खोळंबले असतील, तो पाहावा. तेथें अडलें असतां नवे सर्व्हर जोडून उपयोग नाहीं.

आपण मात्र बटण पुनःपुन्हा दाबूं नये. प्रत्येक वेळीं नवी मागणी जाऊन रांग वाढते. मुलांनो, थोडें थांबा. पान उशिरा उघडलें, म्हणून गुण कमी होत नाहींत.