शाळेतली शेजपाळी



पाटाची पाळी चुकली तर काय होते, हे आपणांस सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर येवल्याकडे 500 च्या आसपास. उसाला मात्र 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागते. हा हिशेब आपण विहीर आटल्यावर शिकलो. पोरांनी तो चौथीतच शिकावा, म्हणून आम्ही एका प्राथमिक शाळेत गुरुजींच्या मदतीने पुढील प्रयोग केला.

वर्गाचे चार गट करावेत. चार कोपऱ्यांत चार कामे मांडावीत. दर पंधरा मिनिटांनी घंटा झाली की गटाने पुढच्या कोपऱ्यात जायचे. तासाभरात सर्वांची पाळी होते. मोजमाप ज्याने त्याने आपल्या वहीत लिहायचे.

पहिला कोपरा मातीचा. तळाला भोके पाडलेल्या तीन डब्यांत वाळू, मुरूम व बारीक केलेली काळी माती सारखी भरावी. प्रत्येकात पेलाभर पाणी ओतून खाली किती गळाले ते मोजावे. वाळू पाणी सोडते, काळी धरून ठेवते. हलक्या रानाला थोडे पण वारंवार पाणी का, ते मग सांगावे लागत नाही.

दुसरा थेंबाचा. डब्याच्या बारीक छिद्रातून सेकंदाला एक थेंब पडू द्यावा. औषधाच्या मापात पाच मिनिटांत सुमारे 15 मिलिलिटर जमते. दिवसाचे झाले चार लिटरांच्या वर! गळक्या तोटीचा हिशेब हाच.

तिसरा पावसाचा. सरळ बाजूंच्या डब्यात झारीने पाऊस पाडावा व फूटपट्टीने मोजावा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे 100 लिटर; 25 मिलिमीटर म्हणजे अडीच हजार.

चौथा पाटाचा. घराबाहेर, अंगणात मातीचा पाट काढून त्यावर ओळीने सहा वाफे करावेत, एकेक वाफा एकेका मुलाचा. पाणी एकच बादली. आधी ज्याला वाटेल तसे फोडू द्यावे. आमच्यासमोर शेवटच्या वाफ्याची मालकीण म्हणाली, "यांच्यात तळं झालं, माझा ऊस वाळला की!" गुरुजींनी जागा उलट केल्या. मग वरच्यांना शेपटाचे दुःख कळले, आणि "शेवटापासून सुरुवात करू, ज्याला त्याला मोजून देऊ" हा नियम पोरांनीच काढला. शेजपाळी ती हीच.

बागलाणात मोसम-आरमच्या काठी फड पद्धतीत शेतकरी स्वतः पाणी फोडत नाही, पाटकरी सर्वांना पाळीने देतो. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांनाही वाटपाचा अधिकार दिला आहे. पण शेपटाकडच्याचा विचार अंगी नसेल तर नुसता कायदा काय करील?

एक विनंती. हंगामात ऊसतोड मजुरांची मुले शाळेत येतील त्यांना वेगळे न बसवता चारही गटांत वाटून घ्यावे. कोपीवर पाणी भरून त्यांना हंड्याचे माप आधीच पाठ असते.

साहित्य म्हणजे रिकामे डबे, माती आणि बादली. गट ऑफिसला कळवल्यास आमचे कर्मचारी तिन्ही प्रकारची माती घेऊन येतील. आणि रात्री दारे धरताना पोराने "किती वेळ झाला?" असे विचारले, तर त्याच्यावर रागावू नये. घड्याळ बघून उत्तर द्यावे.

— ऊस विकास अधिकारी