शील्डच्या मोसमातलं घर

पाऊस ओसरला, की मुंबईच्या शाळांत हॅरिस शील्डचे वारे वाहू लागतात, आणि सोळा वर्षांखालचा खेळाडू ज्या घरात असेल तिथे पहाटे साडेचारला दिवा लागतो. आमचं बिऱ्हाड डोंबिवलीत, सामने आझाद मैदानावर. चिरंजीवांची किटबॅग लोकलमध्ये चढवणं हे ह्यांचं काम. पांढऱ्या विजारीवरचे तांबड्या मातीचे डाग काढणं माझं.

१९८८ साली याच शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. तेव्हापासून आईबापांच्या डोळ्यांपुढे तोच धावफलक! पण समोरच्या संघातली मुलंही उन्हात चेंडूमागे धावलीच ना? त्यांच्याही घरी पहाटे कुणीतरी पोळ्या लाटल्याच असतील.

आमची धाकटी खो-खो खेळते. खो-खोला ना बॅट लागते ना पॅड. त्यामुळे तिचा मोसम घरात कुणाला जाणवतच नाही. परवा दोघांचे सामने एकाच दिवशी आले. सवयीप्रमाणे ह्यांनी किटबॅगेला हात घातला. मी म्हटलं, "त्याची बॅग तो नेईल. आपण दोघं शिवाजी पार्कला जाऊ."

धाकटी घाईघाईनं म्हणाली, "पण वेळेवर या हं! आमचा डाव मिनिटांत आटोपतो."