तणावे आणि बुरूज

नभोवाणीचा मनोरा एकतर स्वतःच्या पायावर उभा राहतो, नाहीतर चहूंकडून ताणलेल्या तणाव्यांवर. हॉलंडमध्ये स्मिल्डे येथे 1959 साली या दोहोंचा मेळ घातला गेला : खाली सुमारे 80 मीटरांचा काँक्रीटचा बुरूज, त्यावर तणाव्यांनी बांधलेली पोलादी डोलकाठी. वाऱ्याचा आडवा रेटा तणावे झेलतात. परंतु त्यांची खालची ओढ आणि डोलकाठीचे वजन अखेर बुरुजावरच येते. 15 जुलै 2011 रोजी बुरुजात आग लागली आणि डोलकाठी कोसळली. सुदैवाने कोणी दगावले नाही. बुरूज टिकला, 2012 साली त्याच्यावरच नवी डोलकाठी उभी राहिली. आम्ही कामगार चळवळीतली माणसे एवढेच म्हणू : भार वाहणाऱ्याची निगा आधी, शिखराचे कौतुक मागाहून.