तीन बहिणींचा पट
लेखमाला : यश कशानं मिळतं? (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण उंची, फुप्फुसं, स्नायू यांविषयी बोललो. ते वाचून बऱ्याच पालकांनी एकच विचारलं: खेळाडूंचं ठीक आहे, पण डोक्याच्या कामात तरी मेहनतीलाच फळ मिळतं ना? म्हणून आज बुद्धिबळ. इथं रेटिंग असतं, त्यामुळे कोण कुठवर पोचलं ते आकड्यात दिसतं आणि वशिल्याला जागा राहत नाही.

हंगेरीतल्या लास्लो पोल्गार या शिक्षणतज्ज्ञाचं ठाम मत होतं की प्रतिभावंत जन्मत नाही, तो घडवावा लागतो. लग्नाआधीच त्यानं होणाऱ्या बायकोला, क्लाराला, पत्रांतून हे कळवलं होतं. मुलं झाली की त्यांच्यावरच प्रयोग करायचा. ती तयार झाली. सुसान १९६९ साली जन्मली, सोफिया १९७४ साली आणि ज्युडिट १९७६ साली. तिघींना शाळेत न घालता बुडापेस्टमधल्या घरीच शिकवलं, त्यासाठी सरकारी यंत्रणेशी भांडण घेतलं. सुसान चार वर्षांची असताना शहरातल्या अकरा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेत दहाच्या दहा डाव जिंकून आली.

पुढचं अनेकांना ठाऊक आहे. ज्युडिट १९९१च्या डिसेंबरात, १५ वर्षं ४ महिन्यांची असताना, ग्रँडमास्टर झाली आणि बॉबी फिशरचा विक्रम मोडला. नंतर ती स्त्री-पुरुष मिळून जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेली. सुसानही ग्रँडमास्टर झाली. मेहनतीचा विजय म्हणून ही गोष्ट शिबिरांतून सांगितली जाते आणि बहुतेक वेळा इथंच थांबवली जाते.

मधली सोफिया राहून जाते. १९८९ साली रोमच्या स्पर्धेत या चौदा वर्षांच्या मुलीनं ग्रँडमास्टरांना हरवत नऊपैकी साडेआठ गुण मिळवले. तो पराक्रम बुद्धिबळाच्या जगात आजही आठवला जातो. उपजत चमक तिचीच जास्त, असं घरचेच सांगत आले. ज्युडिटची सुरुवात संथ होती, पण बसण्याची चिकाटी अफाट. सोफियानं बहिणींइतकं कधी घासलं नाही आणि ती आंतरराष्ट्रीय मास्टर या किताबावर थांबली. बाप तोच, पटही तोच. यातून मला दिसतं ते इतकंच की चिकाटी हीसुद्धा एका घरात सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. तिला आपण निव्वळ इच्छेचा भाग समजतो, ते मला पटत नाही.

आपल्याकडेही असं घर होतं. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुली. राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, तेव्हा पहिलं अजिंक्यपद वासंतीनं घेतलं. पहिल्या दशकातली सगळी अजिंक्यपदं या तिघींकडेच गेली. त्यांतली पाच रोहिणीची आणि चार जयश्रीची.

घरात पट मांडलेला असणं, हरल्यावर डाव उलगडून सांगणारं कुणी असणं, ही किती मोठी गोष्ट! हे ज्यांना मिळालं नाही अशा कितीजणींना बुद्धिबळाचं अंग होतं, हे कुणाला कधी कळणारच नाही.

आता तासांचा हिशेब. ‘दहा हजार तास घाला म्हणजे कुणीही निष्णात होतो’ हे वाक्य क्लासच्या भिंतींवर झळकतं. त्याचं मूळ बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरच्या १९९३ सालच्या अभ्यासात आहे. दहा हजार हा विसाव्या वर्षापर्यंतच्या सर्वोत्तम वादकांच्या रियाजाचा सरासरी आकडा होता, म्हणजे त्यांतले कितीतरी त्याच्या खालीच होते. २००७ साली अर्जेंटिनातल्या बुद्धिबळपटूंचा अभ्यास झाला. मास्टर व्हायला सरासरी अकरा हजार तास लागले खरे, पण एकजण तीनेक हजार तासांत तिथं पोचला आणि दुसऱ्याला तेवीस हजारांच्या वर लागले. पंचवीस हजार तास घालूनही मास्टर न झालेले खेळाडू त्यात होते. पंचवीस हजार तास म्हणजे रोज सात तास धरले तरी दहा वर्षांच्या जवळपास. या माणसांना आळशी कोण म्हणेल?

आपण म्हणतो. मीही म्हटलं आहे. माझा भाचा सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. एकदा मी त्याला डबा द्यायला गेलो. दोन फुटांचं टेबल, लाकडी खुर्चीवर घरून आणलेली उशी, समोरच्या फळीवर लाल पेनानं लिहिलेलं ‘सकाळी ५ ते रात्री ११’. राज्यशास्त्राच्या पुस्तकाच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या. चौथ्यांदा यादीत नाव आलं नाही तेव्हा मी फोनवर सहज बोलून गेलो, “थोडी मेहनत कमी पडली असेल रे.” तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, अजून कुठून आणू?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागा शेकड्यांत असतात आणि अर्ज लाखांत. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी जागा तेवढ्याच राहतात. मेहनतीशिवाय कुणी काही मिळवलं, असं उदाहरण मला सापडलेलं नाही, आणि लेकरानं पुस्तक हातात धरावं म्हणून घरानं धडपडायलाच हवं. पण ‘मनापासून केलंस तर मिळतंच’ हे वाक्य उलटं फिरतं, तेव्हा हरलेल्या प्रत्येकावर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. तो खोटा आहे.

भाच्यानं पुढं तयारी थांबवली आणि आता तो जमीन मोजणीच्या कामात रमला आहे. तुमच्या घरात कुणी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात अडकलं असेल, तर निकालाच्या संध्याकाळी त्याला आधी पोटभर जेवू घाला. पुढं काय करायचं ते दोन दिवसांनी विचारा, आणि ‘मेहनत कमी पडली’ हे शब्द तेवढे तोंडून जाऊ देऊ नका.