सीरियल पोर्टचा वेग आणि देवनागरी मजकुराची अखंडता

जुन्या संगणकात अडकून पडलेला मजकूर बाहेर कसा काढावा, हा प्रश्न भाषाभ्यासकांपुढे अलीकडे वारंवार उभा राहतो. १९९० नंतरच्या दशकात संगणकावर उतरविलेले अनेक शब्दसंग्रह ‘इस्की’ या संकेतपद्धतीत आहेत. ही पद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली, आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ तंत्राच्या द्वारे ती प्रचारात आणली. अशा यंत्रास नेटवर्कची जोडणी नसली, तर सीरियल पोर्ट हाच पुष्कळदा सोयीचा मार्ग उरतो.

या मार्गाने बिट एकाच तारेवरून एकामागून एक जातात. प्रत्येक बाइटच्या आठ बिटांपूर्वी प्रारंभाचा व शेवटी समाप्तीचा एकेक बिट लागतो. म्हणजे एका बाइटास दहा बिटांचा वेळ. सेकंदास ९,६०० बिट या वेगाने ९६० बाइट जातात. १,१५,२०० या वेगाने ११,५२०. या दुसऱ्या वेगात दर ८७ मायक्रोसेकंदांस एक नवा बाइट येऊन ठेपतो.

वेग वाढविला की तार दगा देते, असा सामान्य समज आहे. तार लांब असेल तर तो खराही ठरतो. परंतु एकाच मेजावरील दोन यंत्रांत खरी अडचण घेणाऱ्याच्या दाराशी असते. जुन्या ८२५० या चिपमध्ये आलेला एकच बाइट थांबू शकतो. संगणक डिस्कवर लिहिण्यात गुंतला व त्याने तो वेळेत उचलला नाही, तर मागून येणारा बाइट त्याची जागा घेतो आणि पहिला नाहीसा होतो. नंतरच्या १६५५०ए चिपमध्ये सोळा बाइटांची रांग राहू शकते. त्यामुळे ही सवड सुमारे १.४ मिलिसेकंदांपर्यंत वाढली.

हा एक बाइट म्हणजे भाषेच्या दृष्टीने काय? इस्कीमध्ये काना हा स्वतंत्र एक बाइट आहे. तो गळाला की ‘मान’चे ‘मन’ होते आणि ‘काल’चा ‘कल’ होतो. शब्द शुद्धच राहतो, त्यामुळे वाचकास शंका येत नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात तोच काना तीन बाइटांचा असतो. त्यांपैकी एक हरवला तर तेथे अर्थहीन खूण उमटते व चूक तत्काळ दिसते. ही मांडणी जागा तिप्पट खाते म्हणून तिला नावे ठेवली जातात. मला तो खर्च वाजवी वाटतो.

बोलीच्या संग्रहात धोका अधिक आहे. आपल्या जिल्ह्यातील बागलाण-मालेगावकडील अहिराणीच्या शब्दसूचीत एखादा काना किंवा हलन्त गळाला, तर ते रूप बोलीचेच वैशिष्ट्य समजून त्यावर ध्वनिनियम बसविला जाण्याचा संभव आहे. त्या मानाने पोर्ट चुकून सात बिटांवर ठेवल्याने होणारा घोटाळा निरुपद्रवी म्हणावा: ‘क’चा संकेत १७९, वरचा बिट गेला की उरतो ५१, म्हणजे इंग्रजी ३ हा अंक. सगळे पानच विद्रूप होते, आणि कोणी फसत नाही.

वेग वाढवावयाचा तर ‘थांब’ व ‘पाठव’ असे सांगणाऱ्या आरटीएस आणि सीटीएस या तारा केबलमध्ये हव्यात. तीन तारांच्या स्वस्त केबलमध्ये त्या नसतात. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये सिद्ध झालेला कर्मिट. तो मजकुराचे लहान गठ्ठे करून प्रत्येकासोबत पडताळणीची बेरीज पाठवितो, व ती न जुळल्यास तो गठ्ठा पुन्हा मागवितो. कर्मिट उपलब्ध नसल्यास ९,६०० च्या वेगाने मजकूर दोनदा उतरवून घ्यावा आणि दोन्ही प्रती संगणकाकडूनच बाइटगणिक ताडून पाहाव्यात.